बेल नको, फोन करणे

तिळगुळाचे डबे धुऊन पालथे घातले, की चार-आठ दिवसांत आपा मला स्टुलावर चढवतात. माळ्यावर एक निळं पिंप आहे. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले साचे असतात, सिलिकॉनचे, लाल, गुलाबी, लहानमोठे. मी एकेक खाली देते, आपा तो कोमट पाण्यात टाकतात. पाण्यात पडला की साचा मऊ होतो, आणि बोटांत धरला तर काहीतरी जिवंत धरल्यासारखं वाटतं. इथं त्याला हार्ट म्हणतात. आमच्या वाशीमकडे पत्त्यांतला शब्द चालायचा, बदाम. मी अजून मनात बदामच म्हणते.

पनवेलची थंडी म्हणजे सकाळचे दोन तास. फेब्रुवारी लागला की दुपारच्या उन्हाला धार येते, चॉकलेट लवकर घट्ट होत नाही, फ्रीजचं दार सारखं उघडमीट करावं लागतं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यावर लहान पातेलं, त्यात चॉकलेटचे तुकडे. ते कडेनं विरघळायला लागले की सगळ्या घरात एक जड, गोड वास भरतो. येणारी-जाणारी माणसं दारातच थांबतात, वास घेतात, हसतात. मी मात्र तेवढा वेळ तोंडानं श्वास घेते.

दोन वर्षं झाली, असंच. यंदा जास्त, कारण व्हॅलेंटाइननंतर दोनच दिवसांनी मला कोर्टात उभं राहायचं आहे. मी आरोपी नाही, साक्षीदार आहे. एका मुलीचं दार मी एका माणसाला दाखवून दिलं होतं, आणि ते मी दाखवलं हे माझ्याशिवाय सांगणारं कोणी नाही. मी बोलले तर तिची सुटका होईल. गप्प बसले तर त्याची.

शहनाज आपांचं घर जुन्या पनवेलमधलं. कोकणी मुसलमान कुटुंब, नवरा मस्कतला, दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. आधी आपा लोकांना ईदला शेवया आणि लग्नाला सांदणं करून द्यायच्या, मग थोरल्या मुलीनं केक शिकवले आणि मागची खोलीच दुकान झाली. पाटी नाही. डब्यावरचं लेबल हीच पाटी. मी त्यांच्याकडे आले तेव्हा मला केक म्हणजे काय ते फक्त काचेपलीकडून माहीत होतं. नवरा न्हावा शेवाला ट्रेलर चालवतो, आमची खोली विचुंब्याला. तो दोन-दोन दिवस गाडीवर असायचा आणि मी भिंतीकडे बघत बसायची. शेजारणीनं आपांकडे नेलं.

"लिहिता येतं का गं?" आपांनी विचारलं.

आठवीनंतर माझी शाळा सुटली. नववीचा वर्ग दुसऱ्या गावात होता आणि तिकडे जाणारी एसटी बंद झाली, एवढंच. कोणी मला काढलं नाही, कोणी थांबही म्हटलं नाही. पण अक्षर राहिलं होतं. आपांनी क्रीम भरलेली पिशवी हातात दिली, समोर स्टीलचं ताट ठेवलं. "लिही काहीपण." मी 'आई' लिहिलं. 'ई'चं वळण नीट यावं म्हणून श्वास धरून लिहिलं. आपा बराच वेळ ताटाकडे बघत राहिल्या. मग बोटानं ते क्रीम पुसून चाटलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून ये. अक्षर चांगलं आहे, क्रीम थोडं कमी फेटलंय."

त्या दिवसाचे उपकार मी कसे सांगू. शाळेनं जे अर्ध्यात सोडलं, ते ह्या बाईनं उचललं. लोकांच्या वाढदिवसांवर, लग्नाच्या वाढदिवसांवर, बारशांवर माझं अक्षर पोचायला लागलं. ते अक्षर कापून खायचे, ह्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

आमच्याकडे एक रीत होती. ऑर्डर घेताना जुन्या गिऱ्हाइकाचा पत्ता वहीतून मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि समोरच्याकडून 'हो' घ्यायचा. माझ्या येण्याआधी एकदा एक केक 'ए' विंगऐवजी 'बी' विंगमध्ये गेला होता. आपा तो किस्सा सगळ्यांना सांगायच्या. "अगं, त्यांनी घेतला, कापला, खाल्ला, वर फोन करून सांगितलं, थँक यू, पण आमच्याकडे कोणाचा वाढदिवस नाहीये." तेव्हापासून ही रीत. मला वाचून दाखवायला फार आवडायचं. शाळेत बाई धडा वाचायला उभं करायच्या तसं वाटायचं. एकेक शब्द सुटा, कुठं अडखळायचं नाही.

वहीत पत्त्याखाली बारीक अक्षरात सूचना असायच्या. कुत्रा आहे, चावत नाही. लिफ्ट बंद असते. सासूबाईंना सांगू नये, शुगर आहे. आणि एका पानावर, अश्विनी नावाखाली: बेल नको, फोन करणे.

अश्विनीनं पावसाळ्यात आईसाठी केक मागवला होता. गुळाचा, बिनअंड्याचा. नवीन पनवेलच्या एका सेक्टरमध्ये राहायची, नोकरीला द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या ऑफिसात. फोनवर म्हणाली होती, "ताई, खाली आलात की फोन करा. बेल वाजवू नका, मी येते." मला वाटलं, आई आजारी असेल, झोपत असेल. ती खाली आली. बारीक अंगाची, केस अगदी आखूड कापलेले. डबा घेण्याआधी तिनं एकदा उजवीकडे बघितलं, एकदा डावीकडे. मग झाकण थोडं उचलून म्हणाली, "किती छान अक्षर आहे हो. आई आधी हे बघत बसेल, मग कापेल." ह्या एका वाक्यावर मी आठवडाभर खूश होते. तिनं उजवी-डावीकडे काय बघितलं, ते माझ्या मनातही आलं नाही.

तिच्या आईनं त्या केकचा फोटो कुठंतरी टाकला. अश्विनीचा चेहरा नव्हता, घर नव्हतं. फक्त मेणबत्त्या, आईचे हात, आणि कोपऱ्यात आमच्या डब्याचं लेबल, फोन नंबरासकट.

त्या माणसाचा फोन आला तेव्हा मी साचे पुसत होते. दोन वर्षांपूर्वीच्या व्हॅलेंटाइनला चार दिवस होते. आवाज फार छान होता, हे मी साक्षीतही सांगणार आहे. आमच्याकडे फोन करणारी माणसं घाईत असतात, अगं-तुगं करतात, भाव करतात. हा म्हणाला, "ताई, नमस्कार. एक सरप्राइज द्यायचंय. तुमची मदत लागेल."

"बोला ना दादा."

"अश्विनीला पाठवायचाय. मागं तिनं आईसाठी तुमच्याकडून गुळाचा केक घेतला होता. अजून नाव काढतात त्या."

"हो, आठवतंय मला."

"ह्या वेळी हार्टवाला पिनाटा करा. पत्ता तुमच्याकडे असेलच."

मी वही काढली. पान सापडलं. सेक्टर वाचला, बिल्डिंगचं नाव, विंग, तिसरा मजला, फ्लॅटचा नंबर. एकेक शब्द सुटा. "हाच ना दादा?"

पलीकडे काहीच नाही. मागून एखादी मोठी गाडी गेल्यासारखा आवाज आला. मग तो म्हणाला, "हाच."

तो गप्प राहिला तेव्हा तो लिहून घेत होता. आज त्या शांततेत मला पेन चाललेला ऐकू येतो. तेव्हा मला वाटलं, लाजतोय.

मी त्याला वर सांगितलंही, की त्यांच्याकडे बेल वाजवायची नसते, फोन करावा लागतो. तो हसला. "फोन केलात तर सरप्राइज कसलं ताई. बेलच वाजवा." मग मी विचारलं, आतल्या चिठ्ठीवर काय लिहू. पिनाटा म्हणजे चॉकलेटचं पोकळ कवच. आत छोटा केक, गोळ्या, एक चिठ्ठी, आणि सोबत लाकडाची एवढीशी हातोडी. ज्याला पाठवायचा त्यानं ते फोडायचं असतं.

"लिहा, सापडलीस."

"लपाछपी चाललीय वाटतं," मी म्हटलं.

"हो. तीन वर्षं."

मी हसले. आपांनाही सांगितलं, बघा, कशी माणसं असतात, तीन वर्षं वाट बघतात. आपा म्हणाल्या, "बेटा, हात चालव. इश्क त्यांचा, वेळ आपला जातोय." आणि आम्ही दोघी हसलो. ते हसणं आठवलं की मी आजही मान खाली घालते.

तो बदाम मी फार मन लावून केला. साच्याला ब्रशनं चॉकलेटचा पहिला थर, मग फ्रीज, मग दुसरा थर. कडा पातळ राहिल्या तर वाटेत फुटतो, जाड झाल्या तर हातोडीनं फुटत नाही. हाताची ऊब लागली तर त्यावर बोटाचा डाग उमटतो, म्हणून हातमोजे घालून उचलायचा. चिठ्ठी लिहिताना मला आमच्या घरातली एक गोष्ट आठवत होती. माझी आई बाबांच्या शिदोरीत भाकरी, चटणी बांधायची आणि कांद्याच्या पातीखाली गुळाचा एक खडा ठेवायची, पळसाच्या पानात वेगळा बांधून. बोलायची काही नाही. बाबाही कधी काही बोलले नाहीत, फक्त पान परत आणायचे. प्रेमाचं म्हणून मी जे काही पाहिलं ते एवढंच. त्यामुळं कोणी कोणाला गोड पाठवतंय म्हटलं की माझं मन आपोआप त्याच्या बाजूनं जायचं.

गोड घेऊन आलेल्या माणसाला आपण, कुठून आलास, असं विचारत नाही. पेढे घेऊन कोणी आलं की आधी दार उघडतो, पेढा तोंडात टाकतो, मग विचारतो कशाचे. प्रसादाला नाव विचारत नाही. ह्या सवयीवर आमचा सगळा धंदा चालतो. आणि त्या माणसाला ही सवय आमच्यापेक्षा चांगली कळली होती.

चौदा तारखेच्या दुपारी मी डबा मांडीवर घेऊन हिरामण मामांच्या रिक्षात बसले. मामा इथलेच, आगरी, आमची सगळी डिलिव्हरी तेच करतात. रस्त्यात न्हावा शेवाकडे निघालेल्या कंटेनरांची रांग लागली होती. प्रत्येक ट्रेलर बघितला की मला नवऱ्याचा वाटतो.

"ताय, आज कोनाचा हार्ट फुटनार हाय?" मामांनी आरशातून विचारलं.

"तुमचा नाही मामा."

"आमचा कवाच फुटलाय. बायकोनं फोरला, आनी अजून तुकरे गोला करतंय मी."

मी हसत हसत उतरले. हसत हसत तीन मजले चढले. बेल वाजवली.

आत पावलं आली आणि थांबली. कितीतरी वेळ ती दाराच्या आत नुसती उभी होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग साखळी लावलेलंच दार चार बोटं उघडलं. अश्विनीचा एक डोळा दिसला. "ताई, मी फोन करायला सांगितलं होतं ना."

"सरप्राइज आहे," मी म्हटलं, आणि डबा पुढं केला.

तिनं साखळी काढली. डबा हातात घेतला नाही. उंबऱ्यातच झाकण काढायला लावलं, हातोडी उचलली आणि एकदाच मारली. पोकळ आवाज झाला. चॉकलेटच्या तुकड्यांतून तिनं चिठ्ठी ओढली, वाचली. माझ्या वळणदार अक्षरातली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की मी तिचा दंड धरला.

मागून तिची आई आली. चिठ्ठी बघून त्या भिंतीला टेकल्या. तेव्हा मला तुटक तुटक कळलं. नाशिकला होत्या दोघी. हा तिच्या कॉलेजचा. ती नको म्हणाली, तर रोज गेटवर उभा राहायचा. नोकरी बदलली, नंबर बदलले, शेवटी गाव सोडलं, केस कापले.

अश्विनीनं मला विचारलं, "ताई, त्याला पत्ता माहीत होता, की तुम्ही सांगितलात?"

माझ्या डोळ्यांपुढं आपा आल्या. स्टीलचं ताट आलं. विचुंब्याची खोली, ती भिंत आली. मी म्हटलं, "त्यांनाच माहीत होता."

आणि तिला थोडं बरं वाटलं. खरंच, तिचे खांदे खाली आले. आईला म्हणाली, "म्हणजे ऑफिसातून कुणीतरी सांगितलं असेल, बरेच दिवस झाले असतील. यायचंच असतं तर आला असता एव्हाना. संध्याकाळी आपण पोलिसांत जाऊन येऊ."

माझ्या खोट्या बोलण्यानं तिला संध्याकाळपर्यंतचा वेळ आहे असं वाटलं. मी तिथून निघाले.

खाली मामा रिक्षाबाहेर उभे होते. हळूच म्हणाले, "ताय, तो मानूस बग. कवापासून हितं उबा हाय. इचारीत व्हता, केकवाली बाय वर गेली का."

गेटपलीकडे झाडाखाली एक जण उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग नीट पाडलेला. चारचौघांत नजर जाऊ नये असा. त्यानं मला बघितलं आणि ओळखीचं हसला. "झालं का ताई? उघडलं ना दार?"

तोच आवाज.

मी पळत वर गेले. ह्या वेळी बेल वाजवली नाही, दारावर हात आपटत म्हटलं, "अश्विनी, मी आहे, केकवाली. पत्ता मी दिला. चार दिवसांपूर्वी, फोनवर, मी वाचून दाखवला. तो खाली आहे." दार उघडलं, तिनं मनगटाला धरून मला आत ओढलं, साखळी लावली, वरची कडी लावली, खालची लावली.

मग बेल वाजली.

तो आधी गोडच बोलत होता. "अशू, केक खाल्लास का? कसा झालाय?" मग मूठ. दाराच्या मधोमध, ठरावीक अंतरानं, दमल्याशिवाय. प्रत्येक ठोक्याला वरच्या कडीतून रंगाची पापडी पडत होती. अश्विनी हळू आवाजात फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होती, तोच पत्ता, तसाच सुटा सुटा. तिच्या आईनं ती लाकडी हातोडी उचलून मुठीत घट्ट धरली होती. बोटाएवढी हातोडी. त्या वेळी ती हास्यास्पद वाटली नाही, घरात दुसरं काही नव्हतंच.

जिन्यात एक दार उघडल्याचा आवाज आला आणि लगेच लागल्याचा. मग मामांचा आवाज आला. "दार कशाला तोरतंस रं? पोलिसांना फोन झालाय, येतान." मूठ थांबली नाही, पण मामाही गेले नाहीत. घड्याळात वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. मला विचाराल तर त्या दाराच्या आत माझी आणखी एक शाळा झाली.

पोलीस आले तेव्हा तो लगेच शांत झाला. शर्ट नीट केला. "साहेब, आमचं जमलंय. रुसलीय थोडी. तिनंच पत्ता दिला, बोलावलं. बघा, केक मागवलाय." आणि दार उघडल्यावर सगळ्यांना उंबऱ्याजवळ तो बदाम दिसला, फुटलेला, लाल गोळ्या पसरलेल्या. एका हवालदारानं त्याकडे बघून मान हलवली, प्रेमाच्या भांडणात आपल्याला कशाला ओढलं अशी. मी केलेला तो केक त्याच्या बाजूनं साक्ष देत होता. मग मी पुढं झाले आणि म्हणाले, पत्ता हिनं नाही दिला, मी दिला. त्यांनी लिहून घेतलं.

त्याच्या वकिलाचं म्हणणं अजून तेच आहे, की मुलीनंच बोलावलं होतं. म्हणून माझं सांगणं लागतं.

त्या दिवशी परत आले तेव्हा मी ठरवलंच होतं की आता ऍप्रन काढून ठेवायचा. सगळं सांगितलं. तिथं खोटं बोलले तेही सांगितलं. आपा भांडी घासत होत्या. पातेलं तीनदा विसळलं. मग म्हणाल्या, "वाचून दाखवायची रीत माझी आहे, सुनंदा. तू शिकलीस ती माझ्याकडून. खोटं बोललीस ते तुझं. तेवढंच तुझं धर, सगळं नको धरूस." त्या संध्याकाळी त्यांनी जुनी वही बांधून कपाटात ठेवली. आता पत्ता गिऱ्हाईक सांगतं, आम्ही फक्त ऐकतो. कोणी म्हटलं, तुमच्याकडे आहे ना, तर आपा म्हणतात, "आमच्याकडे काही नसतं."

माझ्या आईनं फोनवर ऐकलं तेव्हापासून तिचा एकच धोशा आहे, "येऊन जाय पोरी इकडंच." नवरा आधी नुसता ऐकून घ्यायचा. मागच्या आठवड्यात मात्र जेवता जेवता थांबला.

"काहून पडते तू त्याच्यात? आपण बाहेरगावचे. मी दोन-दोन दिवस गाडीवर असतो. तू एकटी असते."

"दार मी दाखवलं त्याला."

"मले माहीत हाय. पण त्याले आता आपलंबी माहीत हाय ना."

हे खरं आहे. तो जामिनावर बाहेर आहे. साक्षीदाराच्या जबाबावर नाव असतं, पत्ता असतो, आणि त्या कागदांची प्रत त्यालाही मिळते. नवऱ्याला हे बोलायला कारण झालं होतं. त्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे एक फोन आला होता. आता फोन आपाच घेतात. "हार्टवालाच पाहिजे," पलीकडचा म्हणाला. आपा फोन स्पीकरवर ठेवून लिहून घेत होत्या. विचुंबे, मग आमच्या चाळीचं नाव, मग आमचाच खोली नंबर. त्यांचा पेन थांबला. त्यांनी वर बघितलं. माझ्या हातात क्रीमची पिशवी होती, ती मी इतकी दाबली की ओट्यावर एक लांब पांढरी रेघ पडली. "नाव काय घालायचं?" आपांनी अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं. "नाव नको," तो म्हणाला, "ताईंना कळेल."

आपांनी डोक्यावर ओढणी घेतली, मला बरोबर घेतलं आणि चौकीवर जाऊन तो नंबर लिहून दिला. नंबर आता बंद लागतो. केक आम्ही केला नाही. पण तेव्हापासून आमच्या चाळीत कोणाच्याही दारावर टकटक झाली की मी गॅस बंद करते आणि ऐकत उभी राहते.

काल अश्विनीचा फोन होता. त्या दोघी आता दुसरीकडे असतात. कुठं, ते मी विचारत नाही, तीही सांगत नाही. आमच्यात एवढी समजूत आहे. म्हणाली, "ताई, तो वकील तुम्हाला शिक्षण विचारेल. मुद्दाम. पत्ता तोंडपाठ कसा राहिला ते विचारेल. आधी खोटं बोललात, मग आता खरं कशावरून, असंही विचारेल." मग म्हणाली, "नाही आलात तरी मी काही म्हणणार नाही हां. खरंच."

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आज सकाळी चॉकलेट ढवळता ढवळता आपा एकदम म्हणाल्या, "चल, उभी राहा तिकडं. मी वकील."

मी खिडकीपाशी उभी राहिले.

"नाव?"

"सुनंदा."

"शिक्षण?"

"आठवी."

"मान वर करून सांग. आठवी काय गुन्हा आहे? मुलीचा पत्ता आरोपीला कोणी दिला?"

"मी."

"कोणी?"

"मी दिला."

"काय ऐकू येत नाही. जजसाहेब लांब बसतात, वर पंखा चालू असतो. पुरतं सांग."

"अश्विनीचा पत्ता तिनं दिला नाही. मी दिला. त्यानं विचारून घेतला माझ्याकडून."

"मोठ्यानं, बेटा."

मी मोठ्यानं म्हटलं. इतक्या मोठ्यानं मी शाळेतसुद्धा कधी वाचलं नव्हतं. आवाज खिडकीतून बाहेर गेला असावा, कारण खाली रस्त्यावर मोटरसायकलला टेकून उभ्या असलेल्या कोणीतरी मान वर करून बघितलं. डोक्यावर हेल्मेट होतं, चेहरा दिसला नाही. कोणीही असेल. भाजीला आलेला, फोनची वाट बघणारा.

आपांनी पातेल्यातला चमचा बाजूला ठेवला. "सुनंदा, खिडकी लाव."

"राहू द्या आपा," मी म्हटलं, आणि त्याच्याकडे बघत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.